मेतकुटाची पंचवार्षिक योजना

२ सप्टेंबर १९८५
आजपासून रोजनिशी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांचा माल हलवला, आता स्वतःचा हलवणार. झाशीच्या नगरा भागातल्या आमच्या घराच्या तळखोलीत ‘मार्तंड मेतकूट भांडार’ उघडून दोन महिने झाले. विक्री मंद. कारण सापडलं: लाँग-टर्म प्लॅनिंग नाही. छोटे दुकानदार इथेच मार खातात.

३ सप्टेंबर
योजना सुरू. पहिलं वर्ष झाशी. दुसरं मोठ (जवळचं तालुक्याचं गाव). तिसरं कानपूर. चौथं दिल्ली. पाचव्या वर्षी एक्सपोर्ट (देश नंतर ठरवू, भात खाणारा असावा). लिहीत असताना एक बाई मेतकूट मागायला आल्या. योजना पूर्ण झाल्यावर या, म्हटलं. अशाने लक्ष उडतं.

८ सप्टेंबर
अनुसूयेला योजना वाचून दाखवली. मेतकुटाचं भाजणं-दळणं सगळं तीच करते, म्हणून तिला प्रॉडक्शन मॅनेजर केलं. तिने पगार विचारला नाही, आज काय खपलं ते विचारलं. एक पुडी. (ती आम्हीच भातावर घेतली.) तिचं म्हणणं, दसऱ्यापर्यंत दुकान चाललं नाही तर खोली भाड्याने देणार. घर तिच्या नावावर आहे. वाईट वाटलं. उभ्या आयुष्यात माझ्या नावाची पाटी लागलेली ही पहिलीच जागा.

१५ सप्टेंबर, दुपारी
मार्केट सर्व्हे केला, म्हणजे रस्त्यावर उभा राहिलो. दुकान पायऱ्या उतरून असल्याने कोणाला दिसतच नाही! मालात काही खोट नाही. उपाय: रस्त्याला लागून बोर्ड, बाणासकट.

१७ सप्टेंबर
अनुसूया गणपतीला ग्वाल्हेरला बहिणीकडे गेली. बरं झालं, परत येईल तेव्हा चकित होईल. पेंटर जयसिंगला बोलावलं. मेतकूट मराठी, तेव्हा मजकूरही मराठी: ‘दुकान खाली आहे’. त्याने दोनदा विचारलं, बाबूजी, जेई लिख दें (हेच लिहू)? बिलकुल, म्हटलं. ‘आहे’ला जागा पुरली नाही, सोडून दिलं. जाताना त्याने माझा हात दाबला, म्हणाला, हिम्मत रखिए. भावुक माणूस.

१९ सप्टेंबर
चमत्कार! सकाळपासून माणसांची रीघ. एकाने टेप लावून खोली मोजली. मोठी ऑर्डर असणार, आधी साठवणुकीची सोय बघतात. दुसऱ्याने विजेचं मीटर वेगळं आहे का विचारलं. धोरणी गिऱ्हाईक. तिसरा म्हणाला, कब से दोगे? आजच, म्हटलं. मेतकूट कोणीच नेलं नाही, पण दुकान सगळ्यांना आवडलं.

२१ सप्टेंबर
एक सद्गृहस्थ हळूच म्हणाले, पगड़ी कितनी लगेगी? सत्काराचा बेत दिसतो. संकोच वाटला. पगडी-बिगडी काही नको, नारळ पुरे, असं सांगितलं. ते थक्कच झाले. संध्याकाळी थेट लक्ष्मी गेटकडून लोक मला बघायला आले.

२६ सप्टेंबर
अनुसूया परतली. रिक्षातून उतरली, बोर्ड वाचला आणि पिशवी तिथेच टाकून पायरीवर बसून हसत सुटली. म्हणाली, अहो, तुम्हीच खोली भाड्याने काढलीत, मी उगाच दसऱ्याची वाट बघत होते. इथले लोक ‘खाली’ म्हणजे रिकामं असं वाचणार, हे तुम्हाला कळत नाही का, असंही तिने विचारलं. कळतं. जन्मभर ऑफिसात हिंदीच बोललो. पण पाटी लिहिताना माणूस आपल्या आईच्या भाषेत लिहितो, त्याला काय करणार.

३० सप्टेंबर
खोली भानुमतीजींच्या शिवणवर्गाला दिली. माझा शब्द गेलेला, म्हणून पगडी (म्हणजे जागेची पागडी, हे आता कळलं) नाहीच. नारळ मिळाला. माझ्या नावाची पाटी उतरवली. अनुसूयेने ती पाटी पदराने पुसली आणि वर आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर लावली. मेतकूट आता तिथून. शिवणाऱ्या मुलींनी पहिल्याच दिवशी चार पुड्या नेल्या. योजना रुळावर आहे. फक्त जनरल मॅनेजर आता ती, आणि खलबत्ता माझ्याकडे.

४ ऑक्टोबर
गिऱ्हाईक चुकून शिवणवर्गात शिरतं. नवा बोर्ड हवा. या खेपेला पूर्ण काळजी घेतली. ‘खाली’ हा शब्द कुठेही नाही. अर्धी मराठी, अर्धी हिंदी, म्हणजे कोणाचीच तक्रार नको: ‘मेतकूट वर मिलेगा’. जागा कमी पडली म्हणून ‘मेतकूट’ गाळलं. जयसिंगने पुन्हा दोनदा विचारलं. हात दाबला नाही, उलट बधाई हो म्हणाला.

६ ऑक्टोबर, सकाळी
मोठहून एक गृहस्थ आले. सोबत मिठाईचा डबा, मुलीचा फोटो आणि पत्रिका. म्हणाले, लड़के को बुलाइए. मी खलबत्ता घेऊन तसाच उभा. अनुसूयेने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की या घरात वर एकच आहे, बराच वापरलेला आहे, आणि विकायचा नाही. जाताना त्यांनी मेतकुटाच्या दोन पुड्या नेल्या.

योजनेत मोठ दुसऱ्या वर्षी होतं. आपण पुढे आहोत.