मागच्या सीटचं वजन

१२ ऑक्टोबर २००८, रविवार
मशीन आलं. स्कॉटलंडचा माणूस ट्रेलरवरून सोडून गेला. जाताना विचारत होता, ब्रिस्टलमध्ये बर्फ कुठे पडतो. ज्यांना पुढचं दिसत नाही त्यांच्याशी वाद घालायचा नाही, असं चाळिशीला ठरवलंय.

स्नोमोबिल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, वर लांब सीट. दोघांची. दोघांची हे महत्त्वाचं. सुनीती ऑगस्टपासून लंडनला, ईलिंगमध्ये खोली घेऊन राहते, बँकेतल्या नव्या जॉबसाठी. फक्त वीकडेज, असं ठरलं होतं. हल्ली वीकएंडही त्यातच जातात. आमचं बिघडलेलं काही नाही. अंतर वाढलंय, इतकंच.

हनिमूनला मनालीला स्नो स्कूटरवर ती मला मागून घट्ट धरून बसली होती. फोटो आहे. त्यानंतर तशी कधी बसली नाही, कारण मी तिला तसं कुठे नेलंच नाही. ही उणीव आता भरून काढायची. जवळच्या मेंडिप डोंगरातल्या एका शेतकऱ्याने त्याचं कुरण वापरायला परवानगी दिली आहे. पहिला बर्फ पडला की तिला मागे बसवायचं. पुन्हा ईलिंगचं नाव काढणार नाही.

तिला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.

१४ ऑक्टोबर, रात्री
मॅन्युअल वाचलं. सस्पेन्शन बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावायचं असतं. मागच्या स्प्रिंगला एक ते पाच आकडे. एक म्हणजे हलका माणूस, पाच म्हणजे दोन माणसं. पहिलंच वाक्य: 'वजन प्रामाणिकपणे लिहा.' अशी वाक्यं लिहिणाऱ्यांना मॅनर्स नसतात.

माझं वजन: ७४. लग्नात होतं ते. मधे थोडं इकडे तिकडे झालं असेल, पण मूळ वजन तेच. वजनकाट्याची बॅटरी संपलीय. सोमवारपासून जिम आहेच.

पुढचा प्रश्न: रायडिंग स्टाइल. जेंटल, मीडियम की अग्रेसिव्ह. विचार करावा लागला नाही. अग्रेसिव्ह.

मी ऑफिसात विमानाच्या लँडिंग गिअरची कॅल्क्युलेशन्स करतो. अख्खं विमान आपटलं तरी पेलेल असं काढतो. हे तर खेळणं आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार
सुनीती आली नाही. बँकांचं काय काय चाललंय म्हणे जगात. जगाचं काय ते माझ्याच वीकएंडला का चालतं, कळत नाही.

ऑफिसातला अवधूत आला. मोजायला दुसरा माणूस लागतोच. आधी मशीनचं ढुंगण उचलून जमिनीपासून उंची मोजायची, मग आपण बसायचं, मग पुन्हा मोजायची. किती दबलं त्यावरून कळतं, स्प्रिंग बरोबर लागलीय की नाही. मी दोनवर लावली होती. बसलो. अवधूत टेप धरून खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. हसत होता.

फार दबलं. स्प्रिंग थकलेली आहे. इथल्या दमट हवेत लोखंडाचं दुसरं काय होणार. तीनवर केल्यावर बरोबर आलं. अवधूत म्हणाला, स्प्रिंग ठीक आहे, तू सकाळी वजन कर. त्याने अग्रेसिव्ह हा शब्दही वाचला आणि आठवण करून दिली की मी राउंडअबाउटवर इतका थांबतो की मागचे लोक गाड्या बंद करतात. अवधूतला बायको रोज डबा देते. तशा माणसाला विनोद सुचतातच.

२९ ऑक्टोबर, दिवाळी पाडवा
ओवाळणं यंदा फोनवरच. सुनीती मैत्रिणीकडे फराळाला होती. मागे खूप हसण्याचे आवाज. मी शुभेच्छा दिल्या आणि ताबडतोब मुद्द्यावर आलो: तुझं वजन किती?

तिने विचारलं, का. म्हटलं, सांगता येणार नाही, पण तुझ्यासाठीच आहे. पाडव्याला नवऱ्याने हेच विचारायचं का, म्हणाली आणि फोन ठेवला. लाजली असावी. नंतर लक्षात आलं की ओवाळणीत काय देणार हे सांगायचं राहिलं. सरप्राइज असल्यामुळे सांगता आलंही नसतं.

५८ धरतो. ओढणीसकट.

१५ नोव्हेंबर
सुनीती = तांदळाची तीन पोती. वीस वीस किलोची, ईस्टनच्या दुकानातून. दोन किलो जास्त, पण जॅकेट असेल. पोती मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधली. हेल्मेट घालून मी पुढे. स्प्रिंग पाचवर. अवधूत आता येत नाही, म्हणून टेप मागच्या हँडलला चिकटवून आरशात वाचली. परफेक्ट.

थोडा वेळ तसाच बसून राहिलो. गॅरेजचं दार उघडं होतं. शेजारचा टेरी कुत्रा घेऊन जात होता. त्याने गुड आफ्टरनून म्हटलं, मला आणि मग पोत्यांनाही. इंग्लिश लोक जात्याच आगाऊ.

जिम: पुढच्या सोमवारी.

१३ डिसेंबर, शनिवार
सुनीती आली! आधी न कळवता. तिलाही सरप्राइज आवडतात, मी म्हणतच होतो.

गॅरेजमध्ये नेलं. तिने मशीनकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं. विचारलं, हे काय. म्हटलं, तू. मग सगळं समजावलं: वजन, दाब, पाचवा आकडा, स्टाइल अग्रेसिव्ह. उभ्यानेच ऐकलं, एकदाही अडवलं नाही. शेवटी एक टेक्निकल मुद्दा मांडला, जो मॅन्युअलमध्ये नाही.

"स्टाइल मागे बसणाऱ्याला विचारायची असते, जयंत."

विचार करण्यासारखा मुद्दा आहे. पण कंट्रोल्स पुढच्याच्या हातात असतात. तसं सांगितलंही. बसून बघ म्हटलं, तर म्हणाली, जागा भरलेली आहे.

मोठी बॅग भरून नेली. थंडीचे कपडे. उन्हाळ्याचेही नेले, लंडनला हीटिंग जास्त असतं. कुकर नेला. माझ्यापुरता भात पातेल्यात होतो, हे तिला माहीत आहे. किती विचार करते.

नाक्यावर कोचला सोडायला गेलो. खिडकीतून हात केला. एकदाच.

१ जानेवारी २००९
संकल्प: १. जिम. २. काट्याला बॅटरी. ३. सुनीतीला रोज फोन. ४. कडवटपणा सोडणे. अवधूतला हॅपी न्यू इयर म्हटलं नाही, पण मनात राग ठेवला नाही.

१९ जानेवारी
पाऊस. सुनीतीने फोन उचलला नाही. मीटिंग. रात्री नऊला मीटिंग ठेवणाऱ्या बँका बुडतात त्या उगीच नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार
लंडनला बर्फ! बसेस बंद, ऑफिसं बंद. इथे कोरडं. सुनीतीला फोन केला तर ती बाहेर पार्कमध्ये, मैत्रिणींबरोबर स्नोमॅन करत होती. खूप हसत होती. मला बर्फ आवडतो रे, म्हणाली. मी पुराव्यासाठी लिहून ठेवतो: आवडतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार
ब्रिस्टलला बर्फ. पहाटे खिडकी उघडली आणि डोळ्यांत पाणी आलं. थंडीने.

अडचण एकच. मेंडिपचे रस्ते बर्फामुळे बंद. बर्फावरची गाडी बर्फाकडे नेता येत नाही, कारण बर्फ आहे. या देशात राहणाऱ्याला वेड लागत नाही हेच आश्चर्य.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
घरामागच्या मैदानावरच काढलं. पोती उतरवून ठेवली, लोक बघतात. म्हटलं, तिला बोलवायच्या आधी एक ट्रायल.

दोघांसाठी ताठ केलेली स्प्रिंग, वर एकटा मी. मागचा भाग उंच राहिला, दबेचना. पहिल्या उंचवट्याला मशीनने मला लाथ मारल्यासारखं वर फेकलं. दुसऱ्या उंचवट्याला मी नव्हतोच वर. मशीन एकटंच जाऊन कुंपणाच्या झुडपात घुसलं. चहाच्या ट्रेवर बसून बर्फावर घसरणारी मुलं टाळ्या वाजवत होती. टेरीने ओढून काढायला मदत केली आणि विचारलं, तांदूळ कुठे आहे.

कमरेला गरम पिशवी लावून सुनीतीला फोन केला. सेटिंग तयार आहे, पॅडिंग्टनहून गाड्या चालू आहेत, तू फक्त मागे ये. मनालीची आठवण दिली. कशी घट्ट धरून बसली होतीस.

ती म्हणाली, "घाबरून धरलं होतं. थांब म्हणत होते, तू वेग वाढवलास."

मग म्हणाली, मार्चमध्ये ती खोली सोडतेय. माझ्या तोंडून निघून गेलं, कधी येतेस. ती ईलिंगलाच वन-बेड फ्लॅट घेतेय. डिसेंबरला तेच सांगायला आली होती. पोती बघून तोंडच उघडलं नाही, म्हणाली. रडत होती, बहुतेक. मी म्हटलं, लाइन खराब आहे, उद्या बोलू. लाइन चांगली होती.

७ फेब्रुवारी
मनालीचा फोटो काढून बघितला. माझा चेहरा स्पष्ट आहे, दात दिसतायत. तिचा माझ्या पाठीत दडलेला. इतकी वर्षं मी तिथे हसू आहे असं धरून चाललो होतो. फार वाईट वाटतं. बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
बर्फ वितळला. काट्यात बॅटरी घातली. ९३.

स्प्रिंग पाचवरून तीनवर आणली. बसलो, आरशात टेप वाचली. एका माणसाला अगदी बरोबर.

पोती स्वयंपाकघरात नेली. भात लावला, पातेल्यात. खाली लागला.

जाहिरात लिहिली: 'स्नोमोबिल विकणे आहे. सस्पेन्शन नीट लावलेलं. मागच्या सीटवर कोणीही बसलेलं नाही.'