घाटात सोडलेलं पाणी

३ नोव्हें., सोम.
पेणला जाऊन टेम्पोचं पासिंग करून आणलं. गाडी माझ्या नावावर, म्हणून सहीला मी. अन्वरचे अब्बा कुवेतला बसून मालक, मी कागदावर.
इन्स्पेक्टर वाकून टाकी बघत होता. मासळीच्या बर्फाचं पाणी सगळं टाकीत राहिलं पाहिजे, रस्त्यावर थेंब नको, असा नियम. "पाणी कुठं सोडता?" रियाज (दीर, गाडी तोच चालवतो) म्हणाला, "बाजारातल्या गटारात, साहेब." झालं पास.

७ नोव्हें., शुक्र.
सुगंधा पडली. काल संध्याकाळी रोह्याहून महेशच्या बाइकवर मागे बसून येत होती. घाटात वळणावर बाइक सरकली. पोराला खरचटलं, आईचं खुब्याचं हाड मोडलं. रस्त्यावर मासळीचं पाणी होतं म्हणे.
रोज दुपारी माझ्या ओट्यावर चहाला बसणारी बाई. तिचं म्हावरं आमच्याच टेम्पोतून मुंबईला जातं.
रडायला आलं नाही. भात टाकला, जेवले.

८ नोव्हें.
रियाजला विचारलं. लपवलं नाही त्यानं.
"सगळेच सोडतात भाभी. टाकी भरलेली असली की चढाला गाडी ओढत नाय."
"गुरुवारी सोडलंस?"
"सोडलं. आणखी चौघांनी सोडलं. कोणाचं पाणी, हे कसं कळणार?"
मग दोन वाट्या सार प्यायला आणि झोपला. मला राग यायला हवा होता. न्हाय आला.

१० नोव्हें.
अलिबागला हॉस्पिटलात. आत रॉड घातलाय. तोंड एवढंसं झालंय तिचं. माझा हात धरून म्हणाली, "तुला सगले टेम्पोवाले म्हायती. इचार ना, कोनी सोडला पानी."
"विचारते," म्हटलं मी.
कोणाला विचारू? त्या पाण्यात बर्फ आमचा आणि रक्त तिच्याच सुरमईचं.

१३ नोव्हें.
फोन. अन्वरचे अब्बा म्हणतात, गप्प बस. रियाजचं लायसन्स जाईल, गाडी पोलीस स्टेशनात उभी राहील, नाव तुझं येईल. "तू बोललीस म्हणून तिचं हाड जुळणार हाय का?" वाईट माणूस नाही. हो हो म्हटलं आणि ठेवला.
रियाजला सांगितलं, घाटात टाकीच्या नळाला हात लावलास तर चावी काढून घेईन. "बरं भाभी" म्हणाला. त्याचं 'बरं' मला माहीत आहे.

१६ नोव्हें., रवि.
आज मीच टेम्पोत बसले. रियाज गोंधळला. "तुम्ही कशाला?" "बघायला."
चढाच्या आधी सगळे टेम्पो ओळीनं थांबतात. ड्रायव्हर उतरतात, लघवीला जातात, तंबाखू मळतात, नळ फिरवतात आणि निघतात. चोरून काही नाही. रियाज स्टिअरिंग धरून बसून राहिला. एकजण खिडकीशी आला, "काय रे, नळ जाम झालाय का?" मग मी दिसले. "सलाम भाभी," आणि निमूट गेला.
आम्ही त्यांच्या मागोमाग गेलो. रस्ता ओलाच होता. नागोठण्याला उतरून एसटीनं परत आले. दमले. दुसरं काही नाही.

१९ नोव्हें.
झोप येते पण लागत नाही. अन्वरला उगाच बोलले.

२१ नोव्हें., शुक्र.
सुगंधाला घरी आणलं. सार घेऊन गेले. खाटेवर उशीला टेकून होती. सून टोपली घेऊन बंदराकडे निघालेली. मी बसायच्या आधीच सुगंधानं विचारलं, "कलला का, कोनी?"
"आमच्या गाडीनं. रियाजनं. आणखी चौघांनी पण."
ती सुनेकडे बघत राहिली. महेश दारात होता, त्यानं ऐकलं. मोबाइल काढला. "चाची, गाडीचा नंबर सांगा. आजच तक्रार देतो."
"थांब रं," सुगंधा म्हणाली. मग मला, "तुजा टेम्पो अडकला तर आमचा म्हावरा कशान जाल?"
बाकीचे चौघे तिचा माल घेतात का, तेसुद्धा मला माहीत नाही.
महेश उभाच. मी नंबर सांगितला, सावकाश, एकेक आकडा.
सुगंधानं डोळे मिटून घेतले. महेशनं तो लिहून घेतला की नुसता ऐकला, ते मी बघितलं नाही. साराचं भांडं तिथंच राहिलं.