सायोकोबाईंनी घर विकलं

अ‍ॅमस्टेलव्हीन,
रविवार दुपार

प्रिय सुचित्रा,

तुझ्या वरच्या मजल्यावरच्या कमलचा (मजला रिकामा असला तरी मी अजून वरच्याच मजल्यावरची) सप्रेम जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं असेल, तर माझ्या कुंड्यांना पाणी घालायला रोज चढू नकोस, एक दिवसाआड चढ. भाऊजींचं पथ्य सांभाळ. त्यांनी गोड सोडलं म्हणतेस, पण तू विहारात गेलीस की ते डबा उघडतात, हे मला एवढ्या दुरूनही दिसतं. आम्ही इथे सुखरूप. थंडी अशी, की दात तोंडात असले तरी वाजतात आणि वाटीत काढून ठेवले तरी वाजतात.

फोन असताना पत्र काहून, असं म्हणशील. फोन लावला की घरातले सगळे आळीपाळीने डोकावून तुला हात हलवून जातात आणि बोलायचं ते पोटातच राहतं. लायडनला शिकणारा यश सुट्टीत नागपूरला निघाला आहे, त्याच्या हाती हे देते. विषय दोन आहेत. एक आपली जपानी मालिकांतली नटी सायोको हिरानुमा आणि दुसरा माझं नागपूरचं घर. अश्वजित म्हणतो, आई, आता तू आमच्याजवळच राहा, ते घर विकून टाकू. कागदांचं तो बघतो आहे. तर अशा वेळी सायोकोबाईंनी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे माझा निर्णय तुला आपोआप कळेल.

तुला आठवते ना पहिल्या मालिकेतली सायोको? सोयाबीनचा रस आंबवणाऱ्या घराण्यातली धाकटी सून. भर बर्फात ती लाकडी पिंपं ढवळायची, हाताला भेगा पडायच्या, आणि सासू एक थेंब जिभेवर ठेवून म्हणायची, "खारट!" आपण दोघी तुमच्या टीव्हीसमोर पदर तोंडात धरून बसायचो. तुझे सासरे "बायकांचं रडगाणं" म्हणत तोंडासमोर पेपर धरायचे, पण अर्ध्या तासात पान काही उलटायचं नाही. पिंप फुटलं त्या दिवशी तर तो पेपर असा भिजला, की तुला त्यात शेंगदाण्याची पुडी बांधता येईना. आणि आमचे हे! जेवायला वाढ म्हणून मला बोलवायला आले, ते एक पाय उंबऱ्यात आणि एक बाहेर असे सगळं संपेपर्यंत उभे. "आत या भाऊजी" असं तू म्हटलंस तर म्हणाले, "नाही नाही, मी फक्त हिला न्यायला आलो." पुढच्या आठवड्यापासून ते मला न्यायला बरोबर सुरुवातीच्या गाण्यालाच यायला लागले. (गेला तो माणूस, पण आत येऊन बसला नाही.) तुला मी त्या वर्षी सायोकोसारख्या लांब घोळदार बाह्यांचं पोलकं शिवून दिलं, ती बाही तू तुझ्या भाच्याच्या लग्नात वरणाच्या पातेल्यात बुडवलीस आणि दोष माझ्या शिवणाला दिलास. मी विसरलेली नाही.

इथे आल्यावर मला वाटलं, ती बाई संपली. पण आमची दीपू (धम्मदीपाला इथे सगळे दीपूच म्हणतात) फार हुशार पोरगी. तिने कुठे कुठे शोधून सायोकोच्या सगळ्या मालिका माझ्या पुढ्यात मांडल्या. पहिलाच धक्का बसला तो आवाजाचा. आपल्याकडे ती हिंदीत बोलायची, किती मंजुळ! खरा आवाज निघाला जाड, जरासा घोगरा, चुलीपाशी जन्म गेलेल्या बाईसारखा. म्हणजे इतकी वर्षं मी चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा, अशा बाईवर जीव लावला होता. दोन दिवस रुसले. मग वाटलं, हा आवाज जास्त आपला आहे, याने भाजीवालीशी भांडता येईल.

दुसरी अडचण भाषेची. खाली अक्षरं येतात ती डच. मी सातवीनंतर शिवणाच्या मशीनवर बसून जे मिळेल ते वाचत शिकले, पण डचपर्यंत काही माझा दोरा पोहोचला नाही. दीपू वाचून सांगते. सायोको डोळ्यांत पाणी आणून चांगली पाच मिनिटं बोलते आणि आमची पोरगी म्हणते, "आजी, शी इज सॅड." मी म्हणते, अगं, ते मला दिसतंय, पण म्हणाली काय? "दॅट शी इज सॅड." मग मीच बोलणं भरते.

मधल्या वयात ती एका लहान स्टेशनवर उपाहारगृह चालवणारी विधवा झाली होती. गाडी थांबायची तेवढ्यात शेवया वाढायची आणि कोण उपाशी आहे ते चेहऱ्यावरून ओळखायची. त्यानंतर न्यायाधीश झाली, ती मला मानवली नाही, पदर खोचून काम करणारी बाई खुर्चीत बसवली की हात कुठे ठेवावे तिला कळत नाही. आणि मग झाली सासू! सुचित्रा, जिला "खारट" म्हणून छळलं, तीच आता सुनेला "अळणी" म्हणायला लागली. मी टीव्ही बंद केला. गुंजन (आमची सूनबाई) गालातल्या गालात हसत होती, तेही मी पाहिलं. चार दिवसांनी राहवलं नाही, पुन्हा लावला, तर सून पाठमोरी झाल्यावर ही बाई हळूच पळी चाटून पुसत होती. एकदम आमच्या सासूबाई समोर आल्या. माझ्या पाटवड्यांना जन्मभर नावं ठेवली माउलीने, पण सकाळी डब्यात वडी कधी उरलेली दिसली नाही. तेव्हा कळलं असतं तर दोन वड्या जास्त थापल्या असत्या.

आता घराचं. शेवटच्या मालिकेत ती खेड्यात एकटी राहणारी म्हातारी आहे. मुलगा तिला शहरात उंच इमारतीतल्या आपल्या घरी आणतो. गुणाचा आहे, अगदी आपल्या अश्वजितसारखा. पण मी एक पाहून ठेवलं होतं. ही बाई कुठूनही घरात आली की वाकून आपले बूट दाराच्या दिशेला तोंड करून ठेवायची. दर वेळी! मी दीपूला म्हटलं, बघ, कोणाला समजत नाही, पण तिचं मन इथे नाही, तिला परत जायचं आहे. प्रत्येक भागात त्या बुटांकडे बघून मी रडत होते.

त्यातच शेजारच्या मोरिताबाई पहिल्यांदा चहाला आल्या. इथे आपल्या लोकांसारखीच जपानी घरंही पुष्कळ. मोरिताबाई माझ्याच वयाच्या, मुलाकडे आलेल्या. आमची भाषा म्हणजे मी "सायोको" म्हणायचं, त्यांनी छातीवर हात ठेवायचा. तर बाई आत आल्या आणि वाकून त्यांनी बूट दाराकडे वळवले. माझं काळीज चर्रर्र झालं. आल्या आल्या निघायच्या गोष्टी! त्यांना बसवून मी गुपचूप बूट घराच्या दिशेने फिरवले. त्या हात धुवायला गेल्या, तेव्हा पुन्हा दाराकडे. मी कपबशा आणायच्या निमित्ताने उठले, पुन्हा आत. तिसऱ्यांदा आम्ही दोघी एकदमच वाकलो आणि डोक्याला डोकं आपटलं. दीपू शाळेतून आली, त्यांच्याशी इंग्रजीत बोलली आणि जमिनीवर लोळून हसली. "आजी, दॅट्स जस्ट मॅनर्स! सगळेच ठेवतात!" म्हणजे मी एवढी रडले ते एका चांगल्या वळणासाठी. मोरिताबाई कपाळ चोळत हसत होत्या, पण जाताना माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

काल शेवटचा भाग पाहिला. अश्वजितही शेजारी येऊन बसला. सायोकोबाईंनी घर विकलं. किल्ली दिली, घराला वाकून नमस्कार केला, मुलाच्या गच्चीवर मुळा लावला आणि नातवाच्या हाकेला "आले" म्हणून हसल्या. अश्वजित माझ्याकडे न बघता म्हणाला, "बघ आई." दहावीच्या निकालाच्या दिवशी धरला होता, तसा त्याने माझा हात धरला. मी म्हटलं, विक बाबा. तेव्हा दलाल येईल त्याला तू घर दाखव. माझं इथे छान चाललं आहे. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
कमल

ता.क. वरचं सगळं अश्वजितला वाचून दाखवलं. त्याचे डोळे भरून आले, मग तो समाधानाने सायकलचं चाक दुरुस्त करायला गेला. खालचं त्याला माहीत नाही. गिऱ्हाइकाला दुपारी बोलाव, नळ गेलेला असतो आणि खालची पिठाची गिरणी चालू असते. खोटं एक अक्षर बोलू नकोस, आपण पंचशील घेतलेल्या बायका. फक्त जे जे खरं आहे ते सगळं सांग. पावसाळ्यातली भिंत, गच्चीवरची माकडं आणि शेजारी तू आहेस तेही.

ता.क. दुसरा. मोरिताबाईंनी आज एक मासिक आणलं, सायोकोची मुलाखत. दीपूने फोन धरून त्याचं इंग्रजी केलं आणि मला समजावलं. खरी सायोको डोंगरातल्या गावी एकटी राहते, गुडघे तुझ्याहून वाईट, लेक रोज बोलावते, ही जात नाही. बातमीदाराने विचारलं, मालिकेत तर तुम्ही घर विकून मुलाकडे गेलात? ती म्हणाली, "ते घर लेखकाने विकलं. माझ्या घरात मी राहते." सुचित्रा, मी मार्चात येते, अश्वजितला घेऊन. पोराचं मन फार मऊ आहे, घर विकायचं नाही हे त्याला त्याच्या जेवणाच्या टेबलावर सांगवत नाही. तिकडे माझ्या स्वयंपाकघरात बसवून, पाटवडी वाढून, मीच सांगेन. तोवर किल्ली कोणाच्या हातात देऊ नकोस, अश्वजितचा फोन आला तरी.