बनाबाईची जागा

३ नोव्हेंबर १९९७, आष्टा
आजपासून मी इथल्या अभ्यासकेंद्राचा संघटक. स्टँडवर दीक्षा न्यायला आली होती. केंद्राचं वाचनालय तीच सांभाळते. म्हणाली, सर, तुमचं लोणंदचं भाषण आमी कॅसेटवर ऐकलंय, लय तापता तुमी! मी म्हणालो, अन्यायाबद्दल थंडपणे बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

खिडकीतून गुऱ्हाळाचा गोड वास येतो. टेबलावर आधीच्या संघटकाने ठेवलेला लॅपटॉप. त्यात दीक्षाची आई बनाबाई यांच्या आवाजातल्या ओव्या आहेत, छप्पन साली धम्म स्वीकारल्यावर जात्यावर रचलेल्या. रेकॉर्डिंग करताना म्हातारीने विचारलं होतं म्हणे, एवढ्याशा पेटीत मी मावंन का रं? सगळे अजून हसतात.

६ नोव्हेंबर
लॅपटॉप कमालीचा संथ. एक परिच्छेद साठवेपर्यंत चहा पिऊन होतो. डिस्क घरघरते, थांबते, पुन्हा घरघरते. सहा डिसेंबरचं भाषण यावरच लिहायचं आहे. विषय : दाबले गेलेले आवाज.

डिस्क जवळजवळ भरलेली, आणि बहुतेक जागा ओव्यांनी व्यापलेली. पुसून टाकल्या. बनाबाई मागच्याच गल्लीत राहतात. रविवारी पुन्हा गाऊन घेऊ. मग विखुरलेले तुकडे सलग लावणारा डिफ्रॅग चालवला. पडद्यावर रंगीत चौकोन एकेक उचलले जात, रिकाम्या जागेत जाऊन बसत. बघत राहावंसं वाटलं.

८ नोव्हेंबर
बनाबाई गेल्या. झोपेतच.

खांदा दिला. दीक्षा म्हणाली, आईचा आवाज तरी तुमच्यापाशी हाय सर, पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला सगळ्यांना ऐकवू. तेव्हाच सांगायला हवं होतं. म्हणालो, डिस्क संथ आहे, वेळ लागेल. ती म्हणाली, लागू द्या की, आई बी घाईची नव्हती.

११ नोव्हेंबर
सांगलीला दुरुस्तीवाल्या नानासोंकडे गेलो. म्हणाले, नुसतं पुसलं असतं तर परत काढून दिलं असतं सायेब, वर डिफ्रॅग कशाला फिरवलं? त्या जागेवर दुसरं बसलं, आता देव आला तरी न्हाई. आणि संथपणा? वीज वाचवायला डिस्क सारखी झोपत होती. त्यांनी एक सेटिंग बदललं. संपलं. ओव्या पुसायची गरजच नव्हती.

परतताना एसटीत लॅपटॉप बंद होता. घरघर चालूच. शेजारच्या बाईने विचारलं, आवं, पिशवीत काय दळताय?

१४ नोव्हेंबर
भाषण उघडलं. शब्दांच्या जागी रिकामे चौकोन. तोंडपाठ होतं, तेही आठवेना. वाचलेली पुस्तकं, त्यांची नावं— वडिलांचं नाव—

घरघर आता कानांच्या आत.

दीक्षा आली होती. पुन्हा तेच सांगितलं, डिस्क संथ हाय. ती दचकली. म्हणाली, सर, 'हाय' असं आई म्हणायची, अगदी असंच ओढून.

१६ नोव्हेंबर
पुण्यानुमोदन. मंडप भरला. पहिल्या रांगेत बसून लिहितोय. आज सगळ्यांसमोर कबूल करणार. वाक्य आधी लिहून ठेवतो, नाहीतर तेही जाईल : दीक्षा, तुझ्या आईचा आवाज मी पु—

पुढचं येत न्हाई. डोळ्यांमागं चौकोन सरकत्यात— माझं एकेक उचलून—

नाव पुकारलं. दीक्षा वळून बघतीय. कबूल करायला तरी मी उरलो पाहिजे— एवढं एकच वाक्य—

व्हय गं लेकी, आले. एवढ्याशा माणसात मी मावंन का? मावती की. जरा सरक रं लेकरा, आजून लय जागा ला—