उरलेल्या टोकांच्या जोड्या

३ फेब्रुवारी, सोमवार
प्रोग्रॅम तयार. नाव ठेवलं 'मध्यस्थ'. कंपनीच्या गेटवरचा ट्रकचा वजनकाटा आणि कॅन्टीनचं जेवणाच्या हजेरीचं अंगठ्याचं मशीन, दोन्ही जुनी, नव्या बिल्डिंगमधल्या सर्व्हरशी थेट बोलत नाहीत. आता मधे माझा मध्यस्थ. एका हातात मशीनचं टोक, दुसऱ्या हातात सर्व्हरचं. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. दोन टोकांची एक जोडी. शेजारच्या टेबलावरचा नागसेन म्हणाला, भावा, असलं नेटवर रेडीमेड फुकट मिळतं. मिळू दे. कपडेही रेडीमेड मिळतात.
एचआरच्या भाग्यश्री मॅडम म्हणाल्या, मार्चमधलं कस्टमर ऑडिट नीट पार पडू दे, पर्मनंटसाठी तुमचं नाव पाठवते. म्हणजे झालंच.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला स्पाइन रोडवर पळणे.

४ फेब्रुवारी
पाचचा गजर ऐकला. व्यवस्थित वाजतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार
सुट्टी. आमची चाकणची सुट्टी गुरुवारी, हिंजवडीवाल्यांची शनिवार-रविवारी. तरी दिव्याने लंच ब्रेकमध्ये वाकडच्या मॉलमध्ये वेळ काढला. आमच्या वधू-वर मंडळातलंच स्थळ. तिने स्पष्ट सांगितलं की वडिलांची एकच अट, मुलगा पर्मनंट हवा. मी म्हटलं, मार्च. ती म्हणाली, बरं, घरी बोलते, मग बघू.
'बघू' म्हणाली, 'बघते' नाही. 'बघू'मध्ये दोघं येतात. कॉफीही पूर्ण संपवली.
मला ती फार आवडली. हे इथेच लिहितो, आईला सांगितलं तर ती लगेच हॉल बघायला जाईल.

१० फेब्रुवारी, दुपार
मध्यस्थ जरा जड चाललाय. कारण सापडलं. कधी मशीन काम झालं की फोन ठेवतं, कधी सर्व्हर कंटाळून ठेवतो. मग दुसरं टोक माझ्या हातात तसंच राहतं. अशी शेकडो टोकं साठली आहेत, ना बोलतात, ना जातात.
नागसेन म्हणाला, अरे राव, समोरच्यानं ठेवला की आपणही ठेवायचा. जोडी संपली, दोन्ही टोकं बंद. दोन ओळींचं काम आहे.
दोन ओळींचं असेल, पण संस्काराचं नाही. आपल्याकडून कधी तोडायचं नाही, हे माझं तत्त्व. लोनवाल्या बायका माझ्याशी बोलून थकतात, मी नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
दिव्याला रोज सकाळी एक सुविचार पाठवतोय. निळ्या खुणा येतात. उत्तर येत नाही. हिंजवडीत डेडलाइन फार असतात. त्यात वाकडचं ट्रॅफिक. टाइप करायला हात मोकळा असेल तर ना.

१६ फेब्रुवारी, रविवार
अर्धी रजा टाकून चिंचवडला मंडळाच्या वधू-वर मेळाव्याला. गेली तीन वर्षं माइक माझ्याकडे असतो. संध्याकाळी बरेच जण घरी गेले, वीस-बावीस तसेच उरले. आमचे अध्यक्ष नानासाहेब व्यवहारी माणूस. म्हणाले, उरलेल्यांनी उरलेल्यांशी बोलून घ्या, जेवण सांगितलंय. खुर्च्या समोरासमोर लावल्या. दोन पत्रिका तिथल्या तिथे जुळल्या.
मी माइक हातात धरून उभा आणि अंगावर काटा. टोकं बंद कशाला करायची? उरलेल्या टोकाला उरलेलं टोक लावून द्यायचं. हे आजवर कुणाला सुचलं नसेल.

१७ फेब्रुवारी
केलं. एकटी टोकं सकाळी आठशेच्या वर, दुपारी शून्य. सगळ्यांना जोडीदार मिळाला. मध्यस्थ मोकळा श्वास घेतोय. नागसेनला दाखवलं. तो चहाला गेला. एकटाच गेला. हेवा वाटणारच.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सुट्टीच्या दिवशी कॅन्टीनच्या शालनबाईंचा फोन. काल दुपारी त्यांच्या स्क्रीनवर आलं, पुढच्या पाळीला जेवणारे चोवीस हजार तीनशे ऐंशी. बाईंनी तरी धीरानं घेतलं, फक्त चार पोती तांदूळ शिजवला. म्हणाल्या, साहेब, आकडा खोटा म्हणावं तर मशीन तुमचं, आणि खरा म्हणावं तर मी पातेली कुठून आणू? रात्री प्रत्येक कामगाराला घरी न्यायला डबाभर भात दिला.
तपास केला. चोवीस हजार तीनशे ऐंशी म्हणजे पत्र्याच्या कॉइलच्या ट्रकचं वजन, किलोत. वजनकाट्याचं टोक कॅन्टीनच्या टोकाला आवडलं असावं. किरकोळ. रुळायला वेळ लागतो, नव्या सुनेलाही लागतो.

२४ फेब्रुवारी
गेटवरचा दत्तोबा वजनाची पावती घेऊन आला. वर ट्रकचा नंबर, खाली छापलेलं: शाकाहारी, दुसरी पाळी, एक जेवण मंजूर. दत्तोबा म्हणाला, सायेब, डायवर इचारतोय जेवायला कुटं बसू. मला काय म्हाईत न्हाई. गाडीपण शाकाहारी हाय का, त्ये बी इचारा म्हणला.
त्याला म्हटलं, डेटा पोचला ना? मग. लाइन तुटली असती तर पावतीच छापली नसती. दत्तोबाने व्हय व्हय केलं आणि ड्रायव्हरला जेवायला पाठवलं. समजूतदार माणूस.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
दिव्याने डीपी बदलला. हिरवी साडी, हातात बांगड्या, मागे केळीचे खांब. कुणाच्या तरी कार्यक्रमाला गेलेली दिसते. सुंदर दिसतेय. लिहून पाठवलं. निळ्या खुणा.
पळायला जाणं मार्चपासून. फेब्रुवारी लहान महिना, सवय लागत नाही.

३ मार्च, रात्र
उद्या ऑडिट. नागसेन म्हणाला, निरंजन, हात जोडतो, निदान उद्यापुरता या जोड्या लावायच्या आधीचा प्रोग्रॅम लाव. मी म्हटलं, पंधरा दिवसांत एकही लाइन पडलेली नाही. तो म्हणाला, लाइन पडत नाही रे, पण कोण कुणाशी बोलतंय ते तरी बघ. बोलतायत ना. बोलणं महत्त्वाचं.
कॅन्टीनच्या मशीनला आज स्पीकर बसवून घेतला. ऑडिटच्या पाहुण्यांवर छाप पडेल. दिव्याला कळवलं, उद्या आपला मोठा दिवस.

४ मार्च
ऑडिट झालं.
शॉप फ्लोअर बघून पाहुणे खूश. मग आमच्या कंपनीचे मोठे साहेब स्वतः त्यांना कॅन्टीनला घेऊन गेले. पाहुण्यांचे मुख्य साहेब अंगानं भरलेले, सव्वाशे किलोंच्या पुढे असावेत. आधुनिक पद्धत दाखवायची म्हणून मोठ्या साहेबांनी त्यांना अंगठा लावायला सांगितलं. स्पीकर स्वच्छ आवाजात म्हणाला, ओव्हरलोड. गाडी काट्यावरून मागे घ्या.
ते मागे झाले. शिस्तीचे लोक. पुन्हा अंगठा लावला. स्पीकर म्हणाला, माल उतरवून परत या.
शालनबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजाची क्वालिटी त्यांना पटली असणार. त्याच वेळी गेटवर पाहुण्यांच्या ड्रायव्हरला गाडीची पावती मिळाली, दोन पोळ्या जादा.
एकूण चांगलं गेलं. लाइन एकदाही पडली नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं. नंतर जिन्यात एकटाच जरा बसलो. जेवलो नव्हतो.

५ मार्च
मोठ्या साहेबांच्या सांगण्यावरून नागसेनने माझ्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या. एक टोक बंद झालं की त्याचं दुसरंही बंद. सगळी जुळवलेली लग्नं क्षणात मोडली. वजन वजनाच्या जागी, जेवण जेवणाच्या जागी. पंधरा दिवस एकत्र होती बिचारी. मला वाईट वाटलं. नागसेनने खांद्यावर हात ठेवला, मी तो राहू दिला.

७ मार्च
भाग्यश्री मॅडमनी बोलावलं. नवा शर्ट घालून गेलो. पर्मनंटच्या यादीत यंदा नाव नाही. काँट्रॅक्ट मात्र वाढवलंय, काम बदलून. वजनकाट्यावर, दत्तोबाच्या शेजारी, वजनं हातानं लिहायची.
थोडक्यात, मॅनेजमेंटने मला फील्डवर पाठवलं. मोठी माणसं अशीच घडवतात. दिव्याच्या वडिलांना हे नीट समजावून सांगावं लागेल. पर्मनंट हा शब्द तसाही जुना झाला.

१३ मार्च, गुरुवार
होळी. मेसेजवर समजावण्यासारखं नव्हतं म्हणून सकाळी दिव्याला फोन लावला. उचलला. मला वाटलं, बघ, उचलला. मी फील्डचं सांगायला लागलो. तिने मधेच थांबवलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, निरंजन, आम्ही नकार तीन आठवड्यांपूर्वीच कळवला होता. माझा साखरपुडा झाला. तुम्ही फोटोही बघितलात, छान दिसतेस म्हणालात. मला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस आहे, म्हणून काही बोलले नाही.
मी अभिनंदन केलं. ती थँक्यू म्हणाली.
स्वयंपाकघरात गेलो. आई पोळीत पुरण भरत होती. म्हटलं, दिव्याकडचे नाही म्हणाले. आई म्हणाली, मला ठाऊक आहे. शिवजयंतीलाच त्यांचा फोन आलता. तुला सांगितलं की मी, इथंच, तू लॅपटॉप घेऊन बसलातास.
मी विचारलं, मग मी काय म्हणालो?
बरं म्हणालास, ती म्हणाली. आणि चहा मागितलास.
खूप वाईट वाटलं. पहिली गरम पोळी तिने माझ्या ताटात टाकली, वर तूप. खाल्ली. उद्या पहिली पाळी आहे, सहाला काट्यावर पोचायचंय.