रबराचा मासा आणि अण्णांचा हात

अण्णा, आज ठाण्यात खेळाच्या सामानाच्या एका दुकानात मी बराच वेळ उभी होते. मुलाला बॅडमिंटनची रॅकेट घ्यायची होती. तो एकेक रॅकेट हातात तोलून बघत होता, तोवर माझं लक्ष समोरच्या भिंतीकडे गेलं. तिथे पाकिटांतून रबराचे मासे टांगले होते, पोटात चमकी भरलेले, वळवळत्या शेपटीचे. एक पाकीट फाटलेलं होतं, त्याचा मी वास घेतला. तोच वास, गोडसर, नव्या खेळण्यासारखा. रात्रीची आवराआवर झाल्यावर नेहमीसारखी डायरी उघडली आणि दिवसाचं काही लिहिण्याऐवजी तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. हे पान वहीतून बाहेर जाणार नाही, तेव्हा निदान खरं लिहायला हरकत नसावी.

माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तुमचा मोठा मुलगा मुंबईला, गाववाल्यांच्या खोलीत दाटीवाटीनं राहणारा. जागा मिळाली की मला नेणार होता. तोपर्यंत मी, साताऱ्याकडची, बी.एस्सी. झालेली, मासा कुठून कापायला घ्यायचा तेही न कळणारी सून, खाडीकाठच्या तुमच्या घरात. त्याच पावसाळ्यात तुमच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, हात बधिर राहिला. तुम्ही जन्मभर मासे गरवलेत ते हातातल्या दोरीनं. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, तर्जनीवरून पाण्यात सोडायचा, टोकाला गरी, म्हणजे गळाचा आकडा, गरीला कोळंबी, आणि खाली मासा काय करतोय ते बोटाकडून ऐकायचं. आता बोट काही सांगेनासं झालं होतं. तुम्ही ओटीवर बसून खाडीचं पाणी चढता-उतरताना बघायचात आणि कुणी विचारलं तर म्हणायचात, बघतोय नुसता.

दिवाळीला धाकटे भावोजी आले. ते मालवाहू जहाजावर कामाला. हातखंब्याला उतरले तेव्हा ट्रंकेबरोबर पुठ्ठ्याचं एक लांब नळकांडं होतं, त्यात चाक लावलेली काठी, आणि खिशात रबरी माशांचं पाकीट. काठी डाव्या हातात धरायची, उजव्यानं नुसतं चाक फिरवायचं, एवढं तर बधिर हातालाही जमेल, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंनी एक मासा शेपटीला धरून उचलला आणि विचारलं, ह्याचं कालवण करू की नातवाला ठेवू. पण तुमचा चेहरा त्यांनीही बघितला होता. त्यांनी अट घातली: खाडीच्या कातळावर एकट्यानं जायचं नाही, हात पूर्वीसारखा येईपर्यंत सून बरोबर येईल. हात आला की नाही हेही तीच सांगेल. "तुम्हाला विचारलं तर तुम्ही आत्ताच म्हणाल, आला," त्या म्हणाल्या. "ती खोटं बोलत नाय. कालच्या आमटीला मीठ कमी पडलं होतं ते ह्या घरात तिनंच सांगितलं."

तर आपण जायला लागलो. भरती लागायच्या सुमाराला, तुम्ही पुढे, मी काठी आणि पिशवी घेऊन मागे. आणि मासे काही लागेनात. येत होते, ते मात्र नक्की. रबराच्या पाठीवर दातांचे ओरखडे उमटायचे, एकदा तर शेपूटच गेली. तुम्ही जन्मभराच्या सवयीनं थांबत होतात. कोळंबी असली की मासा आधी चाखतो, मग गिळतो, आणि गिळल्यावर ओढायचं. पण रबर कोण गिळतं? मासा तोंडात घेई, चव बघे आणि टाकून देई, तोवर तुम्ही अजून थांबलेलेच. मी म्हटलं, मला द्या एकदा. तंगूस हलताना दिसला आणि मी काठी डोक्यावरून मागे झटकली. रबराचा मासा पाण्यातून सुटला तो आपल्या डोक्यांवरून जाऊन मागच्या केवड्यात अडकला. तुम्ही आजारपणानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसलात. "घाटावर चिंचा अशाच पाडतात काय गो?"

घरी आल्यावर तुम्ही घरासमोरच्या खळ्यात बसलात आणि मला दुसऱ्या टोकाला, तुळशीपाशी बसवलंत. गरी काढून नुसता रबरी मासा तंगुसाला बांधला. मी तो अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरायचा, म्हणजे मी मासा. तुम्ही ओढायचं आणि चिमटीला काय कळलं ते मी सांगायचं. त्या खेळात मला जे समजलं ते आजही हाताला आठवतं. तंगुसात ढील असली तर माणूस कितीही जोरात हिसका देऊ दे, तो जोर तंगूस ताणण्यातच संपतो, माशाच्या तोंडापर्यंत गुदगुल्यांएवढाच पोचतो. म्हणून आधी चाक फिरवून ढील खायची, वजन लागलं की मगच ओढायचं, आणि वर नाही, बाजूला. गरीचंही तसंच. रबरात टोक खोल रुतलं असेल तर सगळा जोर रबर फाडण्यात जातो. तुम्ही टोक रबरी माशाच्या पाठीच्या कातडीखाली येईल असं लावायला शिकलात, आणि कानशीनं घासून ते नखावर टेकवून बघायचात. घसरलं तर पुन्हा घासायचं.

हे सगळं जमलं तरी शेवटची ओढ जमत नव्हती. डावा हात सवयीचा नाही, उजवा साथ देत नाही. रोज तुम्ही विचारायचात, "लागलं?" आणि मी म्हणायची, नाही. एका संध्याकाळी तुम्ही काठी पडवीच्या वाशाला लावून ठेवलीत आणि ताट अर्धं टाकून उठलात. मागच्या दारी भांडी घासताना सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "हो म्हण गो एकदा. तुझं काय जातंय?" अट त्यांचीच होती, आणि त्याच असं म्हणत होत्या. मी रात्रभर विचार केला. खरं सांगणं हा माझा गुण होता की नुसता हेका, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. सकाळी चुलीपाशी तुम्हीच आलात. बहुतेक तुम्ही ऐकलं होतं. म्हणालात, "हे बघ, तू मासा. मला बरं वाटावं म्हणून माशानं गरी लावून घ्यायची नाय."

त्यानंतर तुम्ही हातानं ओढणं सोडलंत. काठी कोपरापाशी अंगाला टेकवायची, ढील खायची आणि सबंध कमरेतून वळायचं, दार लोटल्यासारखं. पहिल्याच वेळी चिमटीतून रबर असं सुटलं की माझं नख दुखावलं. खाडीवर त्यानंतरही दोन मासे सुटले. मग ती संध्याकाळ. पाणी गढूळ आहे, खडकाच्या सावलीतून तुम्ही रबराचा मासा हळूहळू आणताय, मध्येच थांबवताय. तंगूस एका बाजूला सरकतो. तुम्ही चाक फिरवता, काठीचं टोक पाण्याकडे झुकतं, आणि तुम्ही वळता. काठी वाकते ती वाकलेलीच राहते. तांबोशी वर आली तेव्हा गरी तिच्या जबड्याच्या अगदी कोपऱ्यात, हाडाजवळ बसलेली होती. जिथे बसायला हवी तिथेच.

घरी सासूबाईंनी ती विळीशेजारी ठेवली, तोंड उघडून गरीची जागा बघितली, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "हात आला काय गो ह्यांचा?"

तुम्ही दारात उभे होतात. मी लगेच बोलले नाही. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, शेवटी सासूबाईच म्हणाल्या, एवढा काय विचार करतेस. मी म्हटलं, आला. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही एकटे जायला लागलात, आणि पुढे मी मुंबईला आले तरी कित्येक वर्षं जात होतात. त्या रात्री जेवताना तुम्ही कौतुकानं म्हणालात की सून पारखून बोलते, उगाच हो म्हणत नाही. मी मान खाली घालून भात कालवत राहिले.

मी पारखत नव्हते, अण्णा. तुम्ही वळलात तेव्हाच मला कळलं होतं. दिवसभर घरात, त्यात नवरा मुंबईला, आणि घराबाहेर पडायला मला तेवढी एकच वेळ होती. मी हो म्हटलं की ती जाणार होती. विळीपाशी उभी राहून मी ‘नाही’ म्हणायचं का, याचा विचार करत होते.