शिफारसपत्र परत पाठवताना

वाइतोलू बेट,
१४ डिसेंबर

प्रिय उनाइसीताई,

तुझे गुडघे कसे आहेत? सुवातल्या ओल्या हवेत फार छळत नसतील असं धरून चालते. इकडे सगळे बरे आहेत. नीरफणस यंदा लवकर पिकला. चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांच्या तालमी चालू आहेत. पाळकांच्या बायकोचा आवाज अजूनही सगळ्यांच्या वर चढतो आणि तिला तसं सांगायची कुणाची छाती होत नाही.

मंगळवारच्या बोटीने तुझं शिफारसपत्र मिळालं. मी ते मागितलं नव्हतं. विभागीय कचेरीनेच तुला लिहिलं असणार, कारण मोठ्या इस्पितळातल्या प्रमुख परिचारिकेच्या जागेसाठी त्यांनी माझं नाव पुढे केलंय. तू लिहिलंस, "माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींमध्ये ही सर्वांत सावध. माझ्या लेकीचा शेवटचा श्वास हिच्या मांडीवर गेला, यातच माझं समाधान."

ते मी एकदाच वाचलं.

त्याच्यासोबत आलेला वार्षिक आढाव्याचा फॉर्म चार दिवस टेबलावर पडून आहे. सरत्या वर्षात काय साध्य केलं, पुढल्या वर्षाची उद्दिष्टं कोणती, एवढे दोनच प्रश्न. दवाखाना रिकामा झाला की मी पेन घेऊन बसते आणि मग उठून पट्ट्यांच्या घड्या घालत राहते.

गेल्या डिसेंबरात हाच फॉर्म मी हौसेने भरला होता. आढाव्याला आलेले साहेब म्हणाले होते, "वासिती, तुम्ही जरा काही झालं की रुग्णाला बोटीने मोठ्या इस्पितळात धाडता. निम्म्या रुग्णांना तर तिकडे काहीच निघत नाही. तुम्ही अनुभवी आहात, थोडं अंगावर घ्यायला शिका." मग वर्षभरात आठाच्या आत बोटी, असं उद्दिष्ट मी माझ्या हाताने लिहिलं. त्यांनी जबरदस्ती केली असं म्हणणार नाही. मला ते पटलं होतं. ऑगस्टच्या बैठकीत बोटी कमी केल्या म्हणून त्यांनी मला उभं केलं, सगळ्या बेटांवरच्या परिचारिकांनी टाळ्या वाजवल्या. पंचवीस वर्षांत माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, ताई. ते मला फार आवडलं. ऑक्टोबर उजाडला तेव्हा सात बोटी झाल्या होत्या, आठवी निघाली की उद्दिष्ट हुकणार होतं.

पाऊस नाही. टाकीतलं पाणी जेमतेम महिनाभर पुरेल. तुझ्या घराच्या मागचे अळूचे वाफे माझा भाऊ बघतो.

केलेराच्या दफनाच्या दिवशी तू मला एकच गोष्ट विचारली होतीस. "आदल्या दिवशीच का नाही आणलंस तिला इस्पितळात? समुद्र कसा होता?" मी म्हणाले, "खवळलेला होता." शेजारी बोटवाला इलाइतिया उभा होता. त्याने मान खाली घातली. तुला वाटलं, तो रडतोय.

समुद्र खवळलेला नव्हता. त्या गुरुवारी दुपारी लाट म्हणून नव्हती. पोरं पार खडकांच्या रांगेपर्यंत पोहत गेली होती.

केलेरा दोनच्या सुमारास आली. आठवा महिना नुकताच लागला होता. पाय सुजलेले, चपला हातात. बाकावर बसत म्हणाली, "मावशी, डोकं ठणकतंय सकाळपासून. डोळ्यांपुढे काजवे चमकतात." मी रक्तदाब घेतला. एकशे साठ, एकशे दहा. दोनदा घेतला. तू आम्हाला शिकवताना टेबलावर हात आपटून सांगायचीस, की पोटुशी बाई काजव्यांबद्दल बोलली तर विचार करत बसायचं नाही, उचलायचं आणि न्यायचं. मला ते त्या क्षणी आठवलं. नव्हतं आठवलं असं मी स्वतःलाही सांगू शकत नाही.

इलाइतिया दारात आला. "बोटीत इंधन भरून ठेवू का?"

"थांब जरा. गोळी देऊन बघते."

केलेरानेच विचारलं, "जायला नको ना मग?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय कळतंय? तुला आईने शिकवलंय, तू म्हणशील ते." मग हसली. "तिला मात्र कळवू नकोस. सुवाहून पोहत येईल ती."

मी तिला गोळ्या दिल्या आणि सकाळी ये म्हणाले. ती चपला हातात घेऊनच गेली.

पहाटे तिचा नवरा धावत आला तेव्हा तिला दुसरा झटका चालू होता. वारा त्यानंतर सुटला. पाच तासांच्या वाटेत तिसऱ्या तासाला ती गेली. बाळ पोटातच. माझ्या मांडीवर गेली हे तू लिहिलंस ते खरं आहे. समाधानाचं नव्हतं, ताई. ती मला ओळखत नव्हती.

परत आल्यावर मी नोंदवहीतलं गुरुवारचं पान काढलं आणि नवीन लिहिलं. एकशे तीस, पंच्याऐंशी. डोकेदुखी किरकोळ. चौकशीला आलेल्यांनी तेच वाचलं. "तुमच्याकडून काही राहिलं नाही, बाई," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

इलाइतिया आता दवाखान्यात चहाला येत नाही. परवा धक्क्यावर भेटला. म्हणाला, "मी कुणाजवळ बोललो नाही. पण प्रार्थनेत सगळ्यांची नावं घेतो, तिथे तुझं नाव तोंडातून निघत नाही."

आज फॉर्म भरला. काय साध्य केलं, तिथे त्या गुरुवारची हकीकत लिहिली, खऱ्या आकड्यांसह. जुनं पान फाडलं होतं पण टाकलं नव्हतं, तेही जोडलं. उद्दिष्टांच्या रकान्यात लिहिलं की चौकशी पुन्हा करावी, आणि निकाल लागेपर्यंत इथे दुसरी परिचारिका पाठवावी. ते पाकीट आणि हे पत्र उद्या एकाच बोटीने निघतील. त्यांच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. तुझं शिफारसपत्र यातच परत ठेवलंय.

जानेवारीत मी सुवाला येईन. थोरला भाऊ सोबत असेल आणि रीतीप्रमाणे माफी मागताना पुढे ठेवायचा देवमाशाचा दात. आम्ही दाराबाहेर जमिनीवर बसू. तू तो घेऊन मला माफ करावंस असं माझं मागणं नाही. दार उघडलं नाहीस तरी संध्याकाळपर्यंत बसू आणि उठून जाऊ.

केलेराने मला विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं होतं. हे लिहून सही करते.

वासिती